महाजन कोण, कुळावी कोण?

देवस्थानाच्या कारभाराशी ज्यांचा थोडाबहुत संबंध आला आहे अशा वाचकांस 'महाजन' आणि 'कुळावी' या दोन शब्दांतला भेद समजावून सांगण्याचे कारण नाही. देव दोघांचाही एकच. अभिषेक दोघेही करितात, पालखीला खांदा दोघेही देतात, दोघांच्याही घरच्या लेकीसुना त्याच देवीची ओटी भरतात. तथापि वर्षाचा जमाखर्च ज्या सभेत वाचला जातो त्या सभेत बसण्याचा हक्क महाजनांचा. कुळाव्याने सभामंडपाच्या खांबाला टेकून तीर्थप्रसादाची वाट पाहावयाची. भक्ती त्याची, दक्षिणाही त्याची. मत मात्र त्याला नाही.

मराठी वाङ्मयाच्या देवळात आम्ही सीमाभागातील माणसे अशीच कुळावी होऊन राहिलो आहो, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. ही जुनी कुरकुर नव्हे. २०१८ साली एक गोष्ट अशी घडली की, त्यामुळे कुळाव्याला महाजन होण्याची जी एक अरुंद वाट उघडी होती तीही बुजली. आणि ती बुजविताना सर्वांनी टाळ्या वाजविल्या. त्या टाळ्यांबद्दल माझी तक्रार आहे.

आधी आमचे ठिकाण सांगतो, कारण ते सांगावेच लागते. तामसी हे आदिलाबाद जिल्ह्यातील गाव. पैनगंगेच्या पलीकडच्या तीरावर यवतमाळ जिल्हा, अलीकडे आम्ही. माझे कुलदैवत गोमंतकात, घर तामसीला आणि वकिली आदिलाबादच्या न्यायालयात, असा हा तीन टोकांचा प्रपंच आहे. गावात बाजाराच्या दिवशी मराठी, तेलुगू, गोंडी आणि दखनी उर्दू या चार भाषा एकाच पारावर ऐकू येतात व त्यांचे एकमेकींशी भांडण असल्याचे मला तरी कधी आढळले नाही. भांडण झाले ते नकाशावर. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ काढून त्या वेळच्या मुंबई राज्यास दिले. उलट मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे नांदेड जिल्ह्यातून काढून आंध्रात घातली. आमची गावे होती तेथेच राहिली, त्यांच्या भोवतीचा प्रांत तेवढा बदलला. २०१४ साली तो पुन्हा बदलून तेलंगण झाला आणि २०१६ साली जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. इतक्या घालमेलीत आमच्या घरातील भाषा मात्र बदलली नाही. तिच्यासाठी राज्यघटनेत ३५०-अ हे कलम आहे. अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे असे ते म्हणते. कलम आहे, इतकेच मी येथे म्हणतो. ते शाळेपर्यंत कितपत पोहोचते हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मराठी साहित्याच्या जगात ज्याला आपण सर्वांत मोठा मान समजतो तो म्हणजे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद. १८७८ साली पुण्यास न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पहिली ग्रंथकारसभा भरली, तेथपासून २०२६ च्या साताऱ्याच्या संमेलनापर्यंत ९९ संमेलने झाली. त्या सभेत कोणी बसावे आणि कोणाच्या वतीने बोलावे, हा वादही तितकाच जुना आहे. १८८५ च्या सभेस येण्याचे जोतीराव फुले यांनी पत्र लिहून नाकारिले. त्या सभेत झालेली भाषणे आज कोणास आठवत नाहीत. न आलेल्या माणसाचे पत्र मात्र अजून वाचले जाते. सभेचे खरे मोल कधी कधी तिच्या दाराबाहेर उभे असलेलाच माणूस सांगतो.

संमेलन महाराष्ट्राबाहेर गेले नाही असे मात्र कोणी म्हणू नये. बडोद्यास ते अनेकदा गेले. १९३० साली मडगावास वामन मल्हार जोशी अध्यक्ष होते, १९३१ साली हैदराबादेस ज्ञानकोशकार केतकर. १९४६ साली बेळगावास माडखोलकर अध्यक्ष असताना संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १९५१ साली कारवारास अध्यक्षस्थानी होते ते अ. का. प्रियोळकर. म्हणजे गोमंतकातल्या प्रियोळचे आडनाव लावणारा एक पाठसंशोधक, ज्याने आयुष्य जुन्या पोथ्या ताडून पाहण्यात घालविले, तो मराठीच्या सर्वोच्च आसनावर बसला. (कोकणीविषयीची त्यांची मते या मासिकाच्या निम्म्या वाचकांस रुचणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण मते न रुचणाऱ्या विद्वानालाही मान द्यावयाचा असतो.) तेव्हा प्रश्न संमेलन कोठे भरते हा नाहीच. मांडव कोठेही घालता येतो. आदिलाबाद जिल्ह्यात राहणारा एकही माणूस या ९९ जणांत नाही, आणि आता ज्या रीतीने निवड होते त्या रीतीने तो कधी असण्याचा संभवही नाही, हा माझा प्रश्न आहे.

ही रीत कशी ते थोडक्यात सांगितले पाहिजे. १९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले. त्याच्या चार घटक संस्था पुणे, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील. महामंडळाचे कार्यालय दर तीन वर्षांनी या चारांतच फिरते. हैदराबाद, भोपाळ, बडोदे, गोवे इकडच्या संस्था मागाहून जोडलेल्या. अध्यक्षपदासाठी पूर्वी निवडणूक होत असे. उमेदवार अर्ज भरीत, हजाराच्या आसपास मतदार मत देत, मते मोजली जात आणि एक जण निवडून येई. बडोद्याच्या २०१८ च्या संमेलनाचे लक्ष्मीकांत देशमुख हे अशा रीतीने निवडून आलेले शेवटचे अध्यक्ष. त्याच वर्षी महामंडळाने आपली घटना बदलली व निवडणूक रद्द केली. आता संस्था नावे सुचवितात, महामंडळाची बैठक बसते आणि एकमताने एक नाव जाहीर होते. २०१९ च्या यवतमाळच्या संमेलनासाठी अरुणा ढेरे यांचे नाव या रीतीने पहिल्यांदा ठरले.

या बदलाच्या बाजूने जे बोलले गेले ते मी मनापासून ऐकले आहे, आणि त्यातले निम्मे खरे आहे हेही मान्य करितो. निवडणुकीने साहित्यिकांची अप्रतिष्ठा होत असे, हे खरे. मतपत्रिकांचे गठ्ठे गोळा केले जात, अशा कुजबुजी दर वर्षी ऐकू येत. ज्यांचे नाव घेताच हात जोडावेत असे कितीतरी लेखक या फडात उतरावयास तयार नसत. विंदा करंदीकर कधी अध्यक्ष झाले नाहीत, विजय तेंडुलकरही झाले नाहीत. आणि सर्वांत मोठा दाखला म्हणजे १९९२ च्या कोल्हापूर संमेलनाचा. त्या निवडणुकीत इंदिरा संत उभ्या राहिल्या आणि पडल्या. रमेश मंत्री निवडून आले. मंत्रींच्या विनोदी लेखनाबद्दल मला अनादर नाही. पण इंदिराबाईंचा पराभव हा मराठी वाङ्मयाच्या जिवाला लागलेला चटका आहे, आणि निवडणूक नको म्हणणारा प्रत्येक माणूस शेवटी तेथेच बोट ठेवितो.

मीही तेथेच बोट ठेवितो. पण माझे अनुमान उलटे आहे.

इंदिराबाई राहत होत्या बेळगावास. बेळगाव म्हणजे आमच्यासारखेच सीमेवरचे गाव, आमच्याहून कितीतरी मोठे, पण महाराष्ट्राच्या नकाशाबाहेरचे. त्या गावातील एक बाई, जिच्यापाशी ना संस्था, ना गट, ना गठ्ठे, ती 'मी उभी आहे' असे सांगू शकली, कारण उभे राहण्याची सोय नियमात होती. ती पडली. पण पडली ती सर्वांच्या देखत. मतांचे आकडे जाहीर झाले, वर्तमानपत्रांत आले, लोक हळहळले, चिडले; आणि तीस वर्षे लोटली तरी ती लाज कोणास विसरता आलेली नाही. ही लाज मतदारांची होती आणि ती त्यांच्या पदरात पडली. आता विचार करा, आजच्या रीतीने तेच घडले तर काय होईल? एखाद्या बंद खोलीत इंदिराबाईंचे नाव कोणी सुचविले, दुसऱ्या कोणी 'पुढच्या वर्षी पाहू' असे म्हटले, चहा आला, आणि नाव मागे पडले. बाहेर येईल ते एकमताने ठरलेले एक नाव. कोणी हळहळणार नाही, कारण काय घडले ते कोणास कळणारच नाही. अन्याय झाला तरी त्याचा साक्षीदार उरणार नाही. निवडणुकीने इंदिराबाईंना हरविले, हे खरे. पण त्या हरल्या हे आपल्याला सांगितलेही निवडणुकीनेच.

वकिलाच्या धंद्यात एक गोष्ट अंगवळणी पडते. निकाल विरुद्ध गेला तर पक्षकार रडतो, संतापतो, अपिलाची भाषा बोलतो. पण त्याला न्यायालयात उभेच राहू दिले नाही, तर तो केवळ गप्प होतो, आणि तो गप्पपणा संतापापेक्षा वाईट. हरण्याचा हक्क ही लहान गोष्ट नव्हे. ज्याला हरता येत नाही त्याला जिंकताही येत नाही.

'देवाचा कौल मतांनी लावीत नाहीत' असे एका स्नेह्याने मला ऐकविले. सरस्वतीचा मान हा प्रसादासारखा मिळावा, मागून नव्हे, असा त्यांचा भाव होता. दृष्टान्त सुंदर आहे, आणि आपल्या वाचकांस तो एकदम पटेल म्हणूनच मी त्याचे उत्तर देतो. कौल लावितात तेव्हा काय होते? देवाच्या अंगावर पाकळ्या चिकटविल्या जातात, गाऱ्हाणे मोठ्याने सांगितले जाते, आणि सगळा सभामंडप श्वास रोखून पाहत असतो की पाकळी उजवीकडची पडते की डावीकडची. गाऱ्हाणे कोणाचे, मागणे काय आणि पाकळी कोठली, हे दाराशी बसलेल्या म्हातारीलाही दिसते. गर्भागाराचे दार लावून घेऊन पाच जणांनी आत कौल लाविला आणि बाहेर येऊन 'देवाने उजवी दिली' असे सांगितले, तर तो प्रसाद आपण घेऊ काय? मला निवडणुकीचाच आग्रह आहे असे नव्हे. दार उघडे असण्याचा आहे.

गोमंतकातील देवस्थानांचा कारभार आजही १९३३ च्या पोर्तुगीज अमदानीतील नियमांवर चालतो. महाजनांची नोंदवही असते, त्यांची सभा भरते, अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार व मुखत्यार निवडले जातात. त्या निवडणुकांत भांडणे होत नाहीत काय? होतात, इतकी होतात की मामलेदाराच्या कचेरीत त्यांचे कागद साचलेले असतात. पण भांडणे होतात म्हणून महाजनांचे मत काढून घ्यावे आणि चार घरांनी एकमताने समिती नेमावी, असे कोणा शहाण्याने सुचविल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तक्रार असलीच तर ती उलट दिशेची असते, की नोंदवही अधिक मोठी करा, कुळाव्यांसही आत घ्या. मराठीच्या देवळात आपण नोंदवहीच फाडून टाकली आणि त्याला शुद्धीकरण म्हटले.

नव्या रीतीने निवडलेली माणसे चांगली आहेत, असे लगेच सांगितले जाईल. आहेतच. अरुणा ढेरे, फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जयंत नारळीकर, भारत सासणे, नरेंद्र चपळगावकर, रवींद्र शोभणे, तारा भवाळकर, विश्वास पाटील. यांतील एकाही नावाविरुद्ध मला बोलावयाचे नाही. न्यायमूर्ती चपळगावकर तर आमच्याच धंद्यातले, आणि हैदराबाद संस्थानाचा इतिहास ज्यांनी जिव्हाळ्याने लिहिला त्यांतले. पण ही यादी नीट पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. या सर्वांचे नाव अध्यक्षपदापूर्वीच घरोघरी पोहोचलेले होते. सुचविणारा माहीत असलेलेच नाव सुचवितो. न माहीत असलेले नाव तो सुचविणार तरी कसे? तारा भवाळकरांसारख्या लोकसंस्कृतीच्या अभ्यासक बाईंस हा मान मिळाला तो वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, दिल्लीच्या संमेलनात. सांगलीस राहून, इतके ग्रंथ लिहून, इतक्या उशिरा. मग पैनगंगेकाठी राहून, एकही ग्रंथ पुण्यात न छापता, काम करणाऱ्याने किती वर्षे जगावे?

उमेदवारीचा उपयोग केवळ जिंकण्यासाठी नसतो, हे मी अनुभवाने सांगतो. काही वर्षांपूर्वी एका साहित्यसंस्थेच्या कार्यकारिणीवर महाराष्ट्राबाहेरील अभ्यासकांचा प्रतिनिधी म्हणून मी उभा राहिलो होतो. संस्थेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही; माणसे सभ्य होती. मी मतदारांच्या यादीतील प्रत्येकास हाताने पत्र लिहिले आणि नंतर दूरध्वनी केला. पहिला प्रश्न सर्वांचा एकच असे : "तामसी कुठे आली?" मग मी सांगे. नांदेडहून किनवट, किनवटहून पुढे आदिलाबाद, तेथून तामसी. "तिथे मराठी बोलतात?" हा दुसरा प्रश्न. एका वृद्ध प्राध्यापकांनी तर, "तुम्ही मराठी इतके चांगले कोठे शिकलात?" असे कौतुकाने विचारिले. मी म्हणालो, "आईजवळ." ते क्षणभर थांबले आणि मोकळेपणाने हसले. त्यांनी मला मत दिले असावे असे मला अजून वाटते.

मी पडलो. मते इतकी थोडी होती की, मोजणाऱ्यास श्रम पडले नसतील. पण त्या दोन महिन्यांत शेकडो मराठी माणसांस, आणि तीही साहित्यसंस्थेत बसणाऱ्या माणसांस, तामसी कोठे आहे हे कळले. त्यानंतर दोन जण आमच्याकडे येऊन गेले. एकाने बाजारात बसून दिवसभर शब्द टिपून घेतले. अर्ज भरण्याची सोयच नसती, तर त्या शेकडो जणांस मी कोणत्या निमित्ताने दूरध्वनी करणार होतो?

हा न्याय केवळ मराठीपुरता नाही. जगाच्या विद्वत्सभेतही हेच घडत आले आहे. झंग नावाच्या पंजाबातील गावी वाढलेला अब्दुस सलाम पदार्थविज्ञानात नोबेल पारितोषिकापर्यंत पोहोचला, तरी आपल्यासारख्या देशांतील शास्त्रज्ञ एकटे पडून विझून जातात ही खंत त्याला सुटली नाही. १९६४ साली त्याने इटलीत त्रिएस्त येथे पदार्थविज्ञानाचे आंतरराष्ट्रीय केंद्र उभे केले आणि १९८३ साली तेथेच तिसऱ्या जगाची विज्ञान अकादमी स्थापिली. बड्या राष्ट्रांच्या अकादमींनी आपल्यातील एखाद्याचे नाव कृपेने सुचवावे, याची वाट पाहत तो बसला नाही. मागास म्हटलेल्या देशांच्या विद्वानांचे स्वतःचे पीठ असावे आणि त्याचे नेतृत्व त्यांच्यातल्यांनीच करावे, ही ती कल्पना. पुढे आपले सी. एन. आर. राव तिचे अध्यक्ष झाले. दूरचे उदाहरण कशाला, कोकणीकडे पाहा. राज्य नाही, एक लिपी नाही, गोवे तेव्हा परक्या सत्तेखाली. अशा स्थितीत १९३९ साली कोकणी परिषदेचे पहिले अधिवेशन भरले ते कारवारास. आमची भाषा विखुरलेली आहे, म्हणून आमची सभाही कडेला भरेल, असे त्या लोकांनी ठरविले. १९९२ साली कोकणी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली त्याची वाट कारवारावरूनही गेलेली आहे. मराठीला मोठे घर मिळाले. तिला ओसरीवरच्या माणसांचा विसर पडणे स्वाभाविक आहे. पण स्वाभाविक म्हणजे क्षम्य नव्हे.

आणि ओसरीवर बसलेला माणूस रिकाम्या हातांनी बसलेला नाही. आदिलाबादजवळ जैनथचे लक्ष्मीनारायणाचे देऊळ आहे. तेथला परमार जगद्देवाचा संस्कृत शिलालेख इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. माळव्याचा परमार येथवर कसा आला आणि येथे काय ठेवून गेला, हे शोधावयाचे तर येथील गावांची, वाटांची, कुळांची माहिती असणारा माणूस पाहिजे. केसलापूरला नागोबाच्या जत्रेत मेश्राम कुळाचे गोंड दर वर्षी जमतात. १९४० साली जोडेघाटला कुमराम भीम मारला गेला. त्यानंतर हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञास निजाम सरकारने या भागात काम दिले, आणि मारलवाई येथे गोंड शिक्षकांसाठी जे केंद्र निघाले त्यातली गोंडी पुस्तके देवनागरी लिपीत छापिली गेली, कारण या मुलखातील गोंडांस तीच लिपी ओळखीची होती. मराठीची लिपी दुसऱ्या भाषेच्या उपयोगी पडली, ती मराठीच्या कोणा संमेलनात नव्हे, आमच्या रानात.

याच मुलखाचा आणखी एक साक्षीदार म्हणजे सेतुमाधवराव पगडी. जन्म १९१० चा, निलंग्याचा. हैदराबादच्या राजसेवेत असताना ते आदिलाबादला आले, गोंडी शिकले, कोलामीकडे वळले, आणि आदिलाबादच्या गोंडांवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेला ग्रंथ १९४९ साली प्रसिद्ध झाला. मराठी, उर्दू, फारसी, तेलुगू आणि गोंडी इतक्या भाषांतून हिंडणारा इतिहासकार मराठीत किती झाले? सरकारने त्यांस पद्मभूषण दिले. संमेलनाच्या अध्यक्षांच्या यादीत मात्र त्यांचे नाव नाही. नांदेडच्या नरहर कुरुंदकरांचेही नाही. निवडणूक असतानाही ही नावे तेथे पोहोचली नाहीत, असे प्रतिपक्ष म्हणेल, आणि त्याचे म्हणणे बरोबर आहे. म्हणूनच जुनी पद्धत जशीच्या तशी परत आणा, असे मी म्हणत नाही. जुन्या पद्धतीत मतदार थोडे होते, आणि जे होते ते चार शहरांच्या सावलीतले होते. रोग तो होता. औषध म्हणून मतदार वाढवावयाचे सोडून आपण मतदानच थांबविले. ताप मोजणारी नळी फोडली म्हणून ताप उतरत नाही.

मला हवे आहे ते फार नाही. ज्याला उभे राहावयाचे असेल त्याने आपले नाव व आपण काय करू इच्छितो याचे एक पत्रक जाहीर करावे. ते सर्व संस्थांच्या सर्व सभासदांस वाचावयास मिळावे. आणि त्या सर्व सभासदांनी, मग ते हैदराबादचे असोत, बेळगावचे असोत की भोपाळचे, घरबसल्या मत द्यावे. आज हे अशक्य नाही. आमच्या तालुक्यातील शेतकरीही आपले अर्ज हातातल्या दूरध्वनीवरून भरितो. निवडणूक अगदीच नको असेल तर निदान एवढे करा की, सुचविलेली सर्व नावे जाहीर करा आणि एक नाव का घेतले व बाकीची का सोडिली, याची कारणे लिहून प्रसिद्ध करा. न्यायाधीश कारणांवाचून निकाल देऊ लागला तर वरिष्ठ न्यायालय तो निकाल परत पाठविते. सरकारी अनुदानावर मांडव घालणाऱ्या संस्थेने स्वतःला न्यायाधीशाहून मोठे समजू नये.

आता दोन शब्द माझ्या लोकांस. आम्ही सीमाभागातील माणसे 'आम्हांला कोणी विचारीत नाही' हे वाक्य इतक्या वर्षांत इतक्या सुरात म्हटले आहे की, ते आमचे एक गोड दुखणे झाले आहे. उभे राहा म्हटले की आम्ही लाजतो. मते मागणे हे हलकेपणाचे, असे आम्हांसही वाटते. बोलावणे आले तर जाऊ, असे आम्ही म्हणतो, जणू आपण रुसलेले व्याही आहो. मी उभा राहिलो तेव्हा माझ्याच गावच्या एका प्रतिष्ठित गृहस्थाने मला विचारले, "वकीलसाहेब, हा भिकेचा धंदा कशाला?" ज्या हैदराबादच्या संस्थेकडून आमचे नाव पुढे जावयाचे, तिचे आमच्या तालुक्यात किती सभासद आहेत? वर्गणी भरावयाची वेळ आली की आम्हांस आठवते की पाऊस झालेला नाही. नोंदवहीत नाव घालावयास आपण गेलोच नाही, तर महाजनांनी दार लावून घेतले अशी ओरड करण्याचा आपला अधिकारही अर्धाच उरतो.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्या दिवशी तामसीत पेढे वाटणारे एक गुरुजी होते. निवृत्त शिक्षक. गेली कित्येक वर्षे ते पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेत आहेत. या ओव्यांत मराठीच्या ओळीत तेलुगू क्रियापद येते, गोंडी देवाचे नाव येते, आणि तरी छंद मोडत नाही. असे का होते याचा विचार त्यांनी सत्तावीस वह्यांत लिहून ठेविला आहे. त्यांचा एकही ग्रंथ छापलेला नाही. त्यांना पुण्यात कोणी ओळखीत नाही. पेढा हातावर ठेवताना ते मला म्हणाले, "वकीलसाहेब, अभिजात ती झाली, पण आपल्याकडे बघायला येईल ना?" मी त्यांस उत्तर दिले नाही.

येत्या खेपेस नावे सुचविण्याची वेळ येईल तेव्हा या गुरुजींचे नाव, त्यांच्या वह्यांतील निवडक शंभर पानांसह, हैदराबादमार्गे महामंडळाकडे पाठविण्याचे मी ठरविले आहे. त्यांची संमती मिळविण्यास मला तीन महिने लागले. "माझे हसे होईल" असे ते म्हणत होते. नाव मागे पडेल, हे आम्हा दोघांसही ठाऊक आहे. सोबतच्या पत्रात मी एवढेच विचारणार आहे की, ज्या बैठकीत ते मागे पडेल त्या बैठकीत ती शंभर पाने कोणी उघडून पाहिली काय, आणि पाहिली असल्यास काय वाटले. उत्तर आले तर ते याच मासिकाकडे पाठवीन. न आले तर पत्राची नक्कल आणि पोहोच पाठवीन; संपादकांनी तेवढी जागा राखून ठेवावी.